तीन कड्यांचा पाना

कराड

प्रिय शिवा,

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या अंगठ्याची पट्टी तुझ्या नजरेतून सुटली नाही. तू विचारलंस आणि मी पावसाचा विषय काढला, कारण शेजारी आई बसली होती. आज अमावस्या, गॅरेज बंद आहे, म्हणून निवांत लिहितो.

दुधाचा पिकअप आला होता. क्लचप्लेट संपलेली आणि पहाटे चारला गाडी संकलनाला निघायला हवी होती. दोन्ही स्टँड लावले होते, चाकांना ठोकळे होते, त्यात काही कसूर नव्हती. प्रोपेलर शाफ्ट काढला, गिअरबॉक्सच्या शेपटाखाली छोटा जॅक दिला, एकेक बोल्ट सोडवत आणला. शेवटचा वरचा बोल्ट राहिला. डाव्या हातानं गिअरबॉक्स सावरलेला आणि सतरा नंबरचा रिंग पाना माझ्या पायाशी. हाताखालचा ओंकार बेअरिंग आणायला गेला होता. पायानंच पाना ओढून घ्यावा म्हणून मी कंबर वळवली, खांदा हलला, जॅकवरून गिअरबॉक्स घसरला आणि अंगठा आडव्या पट्टीत सापडला. नख काळं पडलं, हाड वाचलं.

शिवा, पाना हरवला नव्हता. जागेवर नव्हता असंही म्हणता येणार नाही, कारण आपण तो रोज तिथेच ठेवतो. मला चार दिवस झोप लागली नाही ती याच विचारानं. पाचव्या दिवशी मी सरकायच्या फळीवर उताणा झालो, त्याच मापाच्या गाडीखाली सरकलो आणि ओंकारला म्हणालो, माझा हात जिथवर पोचतो तिथवर फरशीवर खडूनं रेघ मार. उजवीकडे जेमतेम दीड फूट. डावीकडे त्याहून कमी, कारण डावा हात बहुतेक वेळा काहीतरी धरून असतो. डोक्याच्या मागे हात लांब जातो, पण तिथून वस्तू उचलताना बोटांत जोर राहत नाही. आणि कमरेच्या खाली काहीच नाही. तिथलं घ्यायचं तर मान उचलावी लागते, म्हणजे कपाळ सायलेन्सरला लागणार. आपण गाडीखाली डोक्याकडून शिरतो, पाय बाहेर राहतात, पोरगं पायाशी उभं असतं. म्हणून सगळी हत्यारं आपसूक पायाशी गोळा होतात. पंधरा वर्षं मी हेच केलं. ज्या पट्ट्यात हात जातच नाही, नेमकी तिथंच माझी सगळी हत्यारं पसरलेली असायची.

तू तुझ्या तिकडच्या वर्कशॉपचं सांगितलं होतंस, ड्रॉवरमध्ये फोम आणि प्रत्येक पान्याच्या आकाराची खाच, खाच रिकामी दिसली की गाडी बाहेर सोडत नाहीत. ते मला मनापासून पटतं. गेल्या खंडेनवमीला हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडली तेव्हा चौदा-पंधराचा एक पाना कमी भरला. तो पुढे तीन महिन्यांनी एका टेम्पोच्या चासीवर सापडला, काम करताना मीच वर टेकवलेला. नशीब, रस्त्यावर कुणाच्या काचेत गेला नाही. तेव्हापासून चासीवर हत्यार टेकवायचं नाही आणि छातीवरही ठेवायचं नाही, हे ओंकारला बजावून ठेवलं आहे. आता वर्षातून एकदा न मोजता रोज संध्याकाळी मोजतो.

पण फोमची शिस्त डोळ्यांसाठी आहे. गाडीखाली डोळे वर नटावर खिळलेले असतात. एकदा नजर काढली की परत तोच नट शोधायला वेळ जातो, वरून पडलेली माती डोळ्यात जाते ती वेगळीच. तिथं हत्यार हाताला सापडायला हवं, न बघता. आपल्याला काम शिकवणारे मिस्त्री हात नुसता बाजूला पसरायचे आणि आपण पाना ठेवायचो, आठवतं? त्यांच्या हाताखाली दोन पोरं होती. माझ्याकडे एकटा ओंकार, तोही अर्धा वेळ स्पेअर पार्टच्या दुकानात.

मग मी एक फळी केली. जुन्या खाटेची, दोन फूट लांब, वीतभर रुंद. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिच्यावर ठिकठिकाणी खिळे मारले, त्यामुळे रबराचे फासे तयार झाले. एका फाशात एक पाना. ही फळी उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत माझ्या शेजारी असते, सरकायच्या फळीला दोरीनं बांधलेली. मी सरकलो की ती येते. खांद्याजवळ आधी लागणारं हत्यार, कमरेकडे नंतरचं. पेटीतल्यासारखी नंबरवारी इथं चालत नाही, कामाचा क्रम लागतो. त्यासाठी शिरण्याआधी सगळं काम एकदा मनात करून बघावं लागतं: शाफ्टचे नट, मग स्टार्टर, मग क्लचचा पाइप, मग हाउसिंगचे बोल्ट. ओंकारकडून मी हे मोठ्यानं म्हणून घेतो. तो चुकला तर फळी पुन्हा लावतो. सुरुवातीला त्याला कंटाळा यायचा, आता स्वतःहून म्हणतो.

राहिला प्रश्न नंबरचा. बारा-तेरा आणि चौदा-पंधरा अंधारात, तेलकट हातात सारखेच लागतात. रंगीत टेप लावून पाहिली, डिझेलच्या चिंधीनं दोन दिवसांत निघाली. कानशीनं खाच पाडावी असं मनात आलं, पण नाशिकच्या टपारियाचा चांगला पाना, त्याच्या दांडीला जखम करायचा धीर झाला नाही, आणि जोर पडल्यावर तिथंच तडा गेला तर? शेवटी ट्यूबच्याच बारीक कड्या कापल्या आणि दांडीवर चढवल्या. बारा-तेराला एक, चौदा-पंधराला दोन, सोळा-सतराला तीन. अंगठा फिरवला की कळतं. पक्कडीला लागत नाहीत, तिचा आकारच बोलतो.

काढलेल्या नटांसाठी स्टीलची ताटली, खाली जुन्या स्पीकरचं चुंबक. लोखंडाचे नट धक्का लागला तरी हलत नाहीत. चेंबरच्या नटाचा तांब्याचा वायसर मात्र चुंबकाला दाद देत नाही. पहिल्याच आठवड्यात तो गडगडत ऑइलच्या ट्रेमध्ये गेला. आता ताटलीत वाकवलेली एक तार उभी केली आहे, तांब्या-ॲल्युमिनियमचं सगळं तिच्यात ओवायचं. गिअरबॉक्सच्या बोल्टांना ताटली पुरत नाही. ते लांब-आखूड असतात, आणि लांब बोल्ट आखूड भोकात गेला की हाउसिंगला तडा जायची भीती. त्यासाठी पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचा गोल काढतो आणि जो बोल्ट जिथला तो तिथं पुठ्ठ्यात खोचतो. पुठ्ठ्यावर गाडीचा नंबर आणि तारीख.

गेल्या आठवड्यात तोच पिकअप परत आला, यावेळी सायलेन्सरचा हँगर तुटलेला. मी खाली गेलो, डोळे वर, हात बाजूला. तीन कड्या बोटांना लागल्या. अंगठा अजून दुखतो, तरी मला फार बरं वाटलं, कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून हे सगळं तुला.

आता कामाचं. ट्यूबचं रबर तेल-डिझेलनं फुगतं, दोन महिन्यांत कड्या सैल पडतात. तुमच्याकडे ट्रकच्या हायड्रॉलिकच्या ओ-रिंगा असतात, नायट्राइलच्या, तेलाला दाद न देणाऱ्या. दिवाळीला येशील तेव्हा पान्याच्या तोंडावरून ताणून दांडीवर घट्ट बसतील अशा वीस-पंचवीस विकत घेऊन ये. माप म्हणून सोबत सोळा-सतराच्या दांडीला गुंडाळलेला दोरा पाठवतोय, गाठीपासून गाठीपर्यंत. आयटीआयमध्ये तू दांडीवर तुझं नाव कोरलं होतंस ना, तोच पाना आहे हा. अजून माझ्याकडेच आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू