बर्फावांचून गुलमर्ग

मराठी माणसाची बर्फाशीं ओळख व्हावयाची ती बहुधा उसाच्या रसाच्या पेल्यांत, नाहींतर पुस्तकांत. आम्हीं शाळेंत छत्तीस वर्षें संस्कृत शिकविलें. हिम, तुहिन, तुषार, प्रालेय हे शब्द किती वर्गांकडून घोकून घेतले असतील त्याची गणती नाहीं. कुमारसंभवांतील हिमालयाचें वर्णन तर वरचेवर हातीं येई. परंतु बर्फ ही एखाद्या प्रदेशाच्या संसारांत काय वस्तु आहे, आणि ती आली नाहीं तर कोणाच्या घरीं काय उणें पडतें, हें आम्हांस कळलें तें जानेवारी २०२४ मध्यें, आणि तेंहि बर्फ जवळजवळ न पाहतांच. हल्लीं आपल्यांतील पुष्कळ कुटुंबें हिवाळ्यांत त्या बाजूस जाऊं लागलीं आहेत. म्हणून ती हकीगत वाचकांपुढें मांडावी असें वाटतें.

संक्रांत उरकून सर्व मंडळींनीं काश्मिरांत गुलमर्ग येथें जावें, असा चिरंजिवांनीं बेत केला. आम्ही उभयतां, धाकटे बंधु व त्यांचें कुटुंब, चिरंजीव, सूनबाई आणि तीन नातवंडें, अशीं एकंदर नऊ माणसें निघालों. नातवंडांचा सारा जीव स्की ह्या खेळावर जडलेला. ज्यांस तो ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं सांगावयाचें तर, पायांत ताठ, घोट्याच्या वर येणारे बूट घालून ते दोन लांब, पुढून वर वळलेल्या पट्ट्यांवर अडकवावयाचे, हातांत दोन काठ्या घ्यावयाच्या आणि बर्फाच्या उतारावरून घसरत यावयाचें. घसरणें कोणासहि येतें. वळणें आणि थांबणें शिकावें लागतें. म्हणून पांच दिवसांकरितां एक शिक्षक व पट्ट्यांचे तीन जोड आगाऊ ठरविले होते. गुलमर्ग हें आपल्या देशांतील ह्या खेळाचें जुनें माहेर. स्की क्लब ऑफ इंडिया ही संस्था तेथें १९२७ सालीं निघाली. प्रवास ठरवून देणाऱ्या दलालानेंहि 'बर्फ भरपूर आहे' असें छातीठोकपणें सांगितलें होतें.

टंगमर्गपासून घाट सुरू होतो. मुलें खिडकीला नाक लावून बसलीं होतीं. एक वळण गेलें, दुसरें गेलें, देवदार मागें पडले, आणि सुमारें २६५० मीटर उंचीवरील तें प्रसिद्ध कुरण समोर आलें. ज्या दिवसांत तेथें एरव्हीं घरांच्या पायऱ्याहि बर्फांत बुडतात, त्या दिवसांत गवत गव्हाच्या काडासारखें पिंवळें पडलें होतें आणि त्यांत घोडीं चरत होतीं. बर्फावरून माणसें ओढून नेण्याच्या लांकडी गाड्या भिंतींना टेकून उभ्या होत्या. धाकटी नात म्हणाली, "आजोबा, हें तर मे महिन्यांतलें पांचगणीचें टेबललँड दिसतें!" आम्ही सर्व हंसलों, तिच्या डोळ्यांत मात्र पाणी होतें.

असें कां व्हावें? आपल्याकडे जसा मृग, तसा काश्मिरांत 'चिल्लै कलां'. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस हा कडाक्याचा काळ. त्याच्या पाठोपाठ वीस दिवसांचा 'चिल्लै खुर्द' आणि दहा दिवसांचा 'चिल्लै बच्चा'. असें सत्तर दिवसांचें थंडीचें पंचांगच तेथील लोकांनीं बसविलें आहे. आपला पाऊस ज्येष्ठ-आषाढांत नैर्ऋत्येकडून येतो. त्यांचें बर्फ पौष-माघांत पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूनें निघून इराण व अफगाणिस्तान ओलांडीत येणाऱ्या वादळांबरोबर येतें. हवामानशास्त्रांत ह्यांस पश्चिमी विक्षोभ म्हणतात. त्या हिवाळ्यांत दमदार विक्षोभ महिनाअखेरपर्यंत फिरकलाच नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें वायव्य भारतांत पाऊस व बर्फ मिळून अवघी ३.१ मिलिमीटर वृष्टि झाली. १९०१ पासूनच्या नोंदींत ह्याहून कोरडा जानेवारी एकच आहे. आकाश निरभ्र, म्हणून दिवसा ऊन चटके देई. आणि जमिनीची ऊब राखणारें ढगांचें पांघरूण नाहीं, म्हणून रात्रीं नळांतलें पाणी गोठे. थंडी निराळी आणि बर्फ निराळें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ठरलेला शिक्षक दारीं आला. वय तिशीचें, अंगांत पायघोळ फिरन, आंत निखाऱ्यांची कांगडी. तो स्वतःच म्हणाला, "बर्फ नाहीं, तर मी शिकविणार काय? आपलें ठरलेलें मोडलें असें समजा." चिरंजीव त्यास होकार देणार होते. बंधूंचें म्हणणें पडलें कीं, व्यवहारास धरून हें ठीकच आहे. काम नाहीं तेथें दाम नाहीं. इतक्यांत सूनबाईंनीं आम्हांस विचारलें, "मामंजी, पुरामुळें शाळा बंद राहिली, तेव्हां तुमचा त्या दिवसांचा पगार कधीं कापला होता का?" आमचें गांव कृष्णाकाठचें, पुराच्या सुट्ट्या आम्हांस नव्या नव्हत. पगार एकदांहि कापला गेला नव्हता, हें आम्हीं सांगितलें. बंधु म्हणाले, "अण्णा, पगार सरकारचा, त्याची गोष्ट वेगळी. ह्यानें काम न करतां पैसे घेतले तर त्याला तें दान वाटेल, आणि तो दान घेणाऱ्यांतला दिसत नाहीं."

दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य होतें. ह्या मनुष्याची वर्षाची मिळकत त्या दोन-अडीच महिन्यांत व्हावयाची. ते निम्मे सरले होते. आणि तरी पैसे फुकट घेण्याची त्याची तयारी नव्हती. अखेर आम्हीं मास्तराच्या रीतीनें त्यास विचारलें, "बर्फावांचून तुम्हांला काय शिकवितां येईल?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "डोंगरांत चालावें कसें तें शिकवीन. आणि बर्फ ओळखावें कसें तें शिकवीन." करार मोडला नाहीं, फक्त विषय बदलला.

पहिल्या दिवशीं त्यानें आम्हांस दोरीवरील पाळण्यांतून वर नेलें. गुलमर्गाहून कोंगदूरीपर्यंतचा पाळणा १९९८ पासून चालतो, आणि तेथून अफरवटच्या खांद्यापर्यंतचा २००५ पासून. वरील टोंक ३९०० मीटरांहून अधिक उंच. तेथें दहा पावलें झपझप टाकलीं कीं छाती भरून येते. म्हणून आमचें कुटुंब खालींच थांबलें. डोंगराच्या सावलीच्या अंगास ओसरीएवढे बर्फाचे तुकडे उरले होते. शिक्षकानें काठीनें एक तुकडा कापून मुलांस त्याचे थर दाखविले: वर वाऱ्यानें दाबून बसविलेला पापुद्रा, त्याखालीं उन्हानें वितळून रात्रीं पुन्हां गोठलेली कांचेसारखी चकती, आणि अगदीं तळाशीं भरड साखरेसारखे सुटे दाणे. बर्फ पातळ असलें व वर कडक थंडी पडली कीं, तळाच्या थराचे असे दाणे होतात. तो म्हणाला, "लोकांस वाटतें कीं बर्फ कमी, तर धोकाहि कमी. पण ह्या दाण्यांवर उद्यां चार फूट नवें बर्फ पडलें, तर तें घट्ट बसत नाहीं." आम्हांस लागलीच मोहरीवर मांडलेल्या पाटाची उपमा सुचली, आणि ती ऐकून तो फार खूष झाला. त्याच तुकड्यावर मुलांनीं पट्ट्या बांधून उभें राहणें, आडवें चढणें आणि पडल्यावर उठणें ह्यांचा धडा गिरविला. स्कीच्या विद्येंत पडून उठणें हा अर्धा अभ्यास आहे असें कळलें.

पुढील दिवस पायीं गेले. टंगमर्गाजवळ द्रंग येथील धबधबा रात्रींच्या गारठ्यानें गोठून झुंबरासारखा लोंबत होता. बाबा रेशी ह्या पंधराव्या शतकांतील साधुपुरुषाच्या दर्ग्यापर्यंत आम्ही रानांतून उतरलों. त्या दिवसांत काश्मिरांत ठिकठिकाणीं बर्फासाठीं सामुदायिक प्रार्थना चालल्या होत्या. पाऊस लांबला म्हणजे देव पाण्यांत ठेवणाऱ्या मुलखांतून आम्ही गेलेलों. आम्हांस त्या लोकांची तळमळ कोणीं समजावून सांगावी लागली नाहीं.

चौथ्या दिवशीं शिक्षकानें आपल्या घरीं मिठाच्या चहास बोलाविलें. त्याच्या वृद्ध वडिलांचा सफरचंदांचा लहानसा बाग आहे. मुलांचा हिरमोड झाला म्हणून ते हळहळले, मग सावकाश म्हणाले, "तुमचा खेळ बुडाला, पुढच्या वर्षीं पुन्हां या. आमचें पाणी बुडालें तर तें पुढच्या वर्षीं परत मिळत नाहीं." नातवानें विचारलें, "आणि पुढच्या महिन्यांत बर्फ पडलें तर?" तेव्हां त्यांनीं जें सांगितलें तें आमच्या भाषेंत असें: चिल्लै कलांतील बर्फ ही मुदतीची ठेव आहे. तें थंडीनें घट्ट होतें, उंचावर टिकतें, वैशाख-ज्येष्ठांत थेंबथेंब सुटतें, आणि झरे, ओढे, भातखाचरें, बागा ह्यांस पुरतें. नंतर पडणारें बर्फ म्हणजे हातांतली मोड; चार दिवस ऊन पडलें कीं खर्च होऊन जाते. ताजें दहा बोटें बर्फ वितळलें तर अदमासें एक बोट पाणी निघतें. तेव्हां ठेव किती मोठी लागत असेल ह्याचा हिशेब वाचकांनींच करावा.

त्या वृद्धाची भीति अनाठायीं नव्हती. पुढचाहि हिवाळा कोरडाच गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें अनंतनागजवळील अछबल येथील झरा, ज्याच्या पाण्यावर मोगलांनीं आपली बाग रचली, तो आटल्याची बातमी आली. गुलमर्ग येथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाहि बर्फाअभावीं फेब्रुवारींतून काढून मार्च २०२५ मध्यें घ्याव्या लागल्या. युरोपांतील आल्प्स पर्वतांतहि कित्येक ठिकाणीं यंत्रानें बर्फ पाडून उतार झांकतात. २०२२ सालच्या बेजिंग येथील हिवाळी ऑलिंपिकचे उतार तर जवळजवळ सर्वस्वीं अशा कृत्रिम बर्फाचे होते. खेळाची सोय त्यानें होते. पण तें बर्फ करावयास पाणी अगोदर हातीं असावें लागतें. झऱ्यास तें काय देणार?

आमच्या वेळची गोष्ट पुरी करावयाची तर, आम्ही परतल्यावर जानेवारी २०२४ च्या अखेरीस गुलमर्गांत बर्फ आलें, आणि २१ फेब्रुवारीपासून तेथें स्पर्धाहि झाल्या. परंतु २२ फेब्रुवारीस वरच्या उतारावर बर्फाचा कडा सुटून एका परदेशी खेळाडूचा अंत झाला. त्या सायंकाळीं नातवानें वर्तमानपत्र आमच्यापुढें धरलें आणि एवढेंच विचारलें, "आजोबा, मोहरी?" त्या अपघाताचें नेमकें कारण आम्हांस सांगतां येणार नाहीं, पण मुलगा काय शिकून आला होता तें समजलें.

शिक्षकाचा हिशेब निघतांना झाला. शिकवणीचे पैसे त्यानें पांचहि दिवसांचे घेतले, पट्ट्यांचें भाडें मात्र एकाच दिवसाचें. दोन्ही बाजूंस संकोच उरला नाहीं.

नीलमतपुराण हा काश्मीरचा प्राचीन ग्रंथ. वर्षांतील पहिलें बर्फ पडेल त्या दिवशीं उत्सव करावा, हिमालयाची पूजा करावी, जाड वस्त्रें पांघरून बर्फावर बसावें, इष्टमित्रांसह गाणें-भोजन करावें, असें त्यांत सांगितलें आहे. हें विधान आम्हीं पूर्वीं वाचलें होतें तें एक मौजेचा कुळाचार म्हणून. त्याचा अर्थ त्या वृद्धाच्या घरीं बसल्यावर ध्यानांत येतो. आपण पहिल्या पावसाला ओटी भरतों, नदीला नारळ देतों, त्यांतलाच तो प्रकार. तो हर्ष खेळाचा नव्हता. वर्षाचें धान्य घरांत आल्याचा होता.

ज्या कुटुंबांचा त्या बाजूस जाण्याचा विचार असेल त्यांस एवढेंच सुचवितों. दलालाच्या शब्दावर विसंबूं नये. तेथल्या हवेची ताजी वार्ता तेथल्याच माणसाकडून घ्यावी. केवळ स्कीसाठींच जावयाचें तर पौषापेक्षां माघाचा भरंवसा हल्लीं अधिक दिसतो. त्यांतहि चार दिवस पुढें-मागें करण्याची सवड ठेवावी. तेथें गेल्यावर बर्फ नसेल तर वाटाड्यास निरोप देऊं नये. त्याचें ज्ञान बर्फाबरोबर वितळत नाहीं. आणि नवें बर्फ पडल्यावर तो 'आज वर जाऊं नका' म्हणाला, तर त्याच्याशीं वाद घालूं नये. बर्फ असल्यास मुलांनीं मनसोक्त घसरावें, नसल्यास पायीं हिंडावें. मात्र ज्यांच्या अंगणांत आपण खेळावयास जातों, त्यांच्या झऱ्यास यंदा पाणी कसें आहे, हें विचारल्यावांचून माघारी येऊं नये.