अंतरपाटासमोरचा कॅमेरा

लग्नाच्या फोटोग्राफीत नव्यानं उतरणारी मुलं माझ्याकडे येतात, ती बहुतेक एकच प्रश्न घेऊन. कॅनन घेऊ, निकॉन घेऊ की सोनी? मी त्यांना विचारतो, शेवटचं मंगलाष्टक संपेल तेव्हा तू कुठे उभा असशील? कॅमेरा आणि लेन्स या उत्तरावरून ठरवावेत, असं माझं ठाम मत आहे. साखरपुड्याला, रिसेप्शनला वधूवरांना ‘जरा इकडे बघा’ म्हणता येतं, हुकलेला फोटो पुन्हा घेता येतो. अंतरपाट एकदाच दूर होतो.

तेव्हा स्टेजवर काय होतं, ते नीट आठवून पाहा. शेवटचं अष्टक सुरू झालं की करवल्या, मामा, मावश्या, मित्रमंडळी सगळे वधूवरांभोवती दाटी करतात. ‘सावधान’चा शेवटचा उच्चार होतो, वाजंत्री एकदम चढते, चारी बाजूंनी अक्षता पडू लागतात आणि मुलगी हार उचलते. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे असतं, ते फार तर दोन-तीन सेकंद टिकतं. फोटोग्राफरला मागे सरकायला जागा नसते. पाठीला व्हिडिओवाला आणि त्याच्या मागे मोबाइल उंचावलेले हात. वधूवर तुमच्यापासून जेमतेम पाच फुटांवर असतात.

म्हणून पहिली चांगली लेन्स ३५ एमएमची घ्यावी. फुल फ्रेम सेन्सरवर तिचा हिशोब सोपा आहे : जितकं अंतर, जवळजवळ तितकीच रुंदी. पाच फुटांवरून पाच फूट रुंदीची चौकट मिळते, म्हणजे वधू, वर, दोन हार आणि बाजूला होणारा अंतरपाट एवढं सगळं तिच्यात मावतं. त्याच जागेवरून ८५ एमएम लावली, तर दोन फुटांच्या आसपास रुंदी मिळेल. एक चेहरा सुंदर येईल. समोरचा दुसरा चौकटीबाहेर राहील.

इथेच नव्या मुलांचा एक गोंधळ होतो. सुरुवातीला बहुतेकांकडे क्रॉप सेन्सरची बॉडी असते आणि कुणीतरी त्यांना ५० एमएम एफ १.८ घ्यायला सांगितलेलं असतं. लेन्स स्वस्त आणि गुणी, यात वाद नाही. पण क्रॉप सेन्सरवर ती ७५ ते ८० एमएमसारखी वागते. नवरी तयार होत असताना, हळदीच्या अंगणात, आजीचा एकटीचा फोटो काढताना तिच्यासारखी दुसरी नाही. स्टेजवर मात्र ती अडचण करते. क्रॉप सेन्सर असेल, तर अंतरपाटासाठी २३-२४ एमएमच्या आसपासची लेन्स हवी. ज्यांना परवडतं त्यांनी फुल फ्रेमवर २४-७० एफ २.८ घ्यावी, सगळं लग्न तिच्यावर निघतं.

आता उजेडाचं. मंगल कार्यालयातला उजेड डोळ्यांना भरपूर वाटतो, कॅमेऱ्याला तो कमी असतो. एखाद्या हॉलमध्ये एफ २.८, शटर १/२०० आणि आयएसओ ३२०० असं जमतंय असं समजा. बॉडीबरोबर मिळणारी १८-५५ लेन्स पूर्ण झूम केली, की एफ ५.६ वर येते. म्हणजे उजेड एक चतुर्थांश, आणि तोच फोटो काढायला आयएसओ थेट १२८०० करावा लागतो. पैसे बॉडीवर आधी घालावेत की लेन्सवर, याचं उत्तर याच हिशोबात आहे. फ्लॅश घ्यावाच, पण मांडवाचं छत लाल किंवा केशरी कापडाचं असेल, तर तिथून उसळून आलेला उजेड चेहरेही त्याच रंगाचे करून टाकतो. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होत असतात. अशा उजेडात इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं, तर फोटोत आडवे पट्टे येण्याची भीती असते. लग्नात ते बंद ठेवून मेकॅनिकल शटर वापरावं.

बॉडी निवडताना मी मेगापिक्सेल शेवटी बघतो. आधी बघतो ते कार्डाचे खण. कार्ड कधीही बिघडू शकतं आणि लग्न पुन्हा लागत नाही. म्हणून प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिला जायला हवा. कॅननची ईओएस आर आणि निकॉनची झेड ६ या २०१८ मध्ये आल्या तेव्हा दोन्हींत एकच खण होता. २०२० मध्ये आलेल्या आर ६ आणि झेड ६ टू यांत दोन झाले. सोनीच्या ए ७ थ्रीमध्ये ते २०१८ पासूनच आहेत. बजेट कमी असेल तर २०१४ची निकॉन डी ७५० जुन्या बाजारात बघा; तिच्यातही दोन एसडी कार्डं बसतात. मिररलेसचा एक मोठा फायदा मात्र मान्य करायला हवा. अक्षता पडत असताना जुन्या कॅमेऱ्याचा फोकस मधल्याच एखाद्या दाण्यावर जाऊन अडकतो. डोळा ओळखणारा नवा ऑटोफोकस नवरीच्या चेहऱ्यावर पुष्कळ जास्त टिकतो.

जुनं घेण्यात कमीपणा नाही. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जा, पण खिशात टॉर्च ठेवा. लेन्सच्या एका बाजूनं टॉर्च मारून दुसऱ्या बाजूनं आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स तिथेच परत करा. आपल्याकडे हा रोग लागतो तोही लग्नांच्या पंचांगानुसार. चातुर्मासात मुहूर्त नसतात, बॅग महिनोन्‌महिने बंद राहते, आणि हेच दिवस पावसाचे, दमट हवेचे. कोकणात आणि मुंबईत तर फारच. म्हणून मुहूर्त नसले तरी लेन्स बाहेर काढून वापराव्यात आणि हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवाव्यात. तुळशीचं लग्न लागून पहिली ऑर्डर आली की मग बॅग उघडायला धाकधूक होत नाही.

७०-२०० एफ २.८ सुरुवातीला विकत घेऊ नये, त्या दिवसापुरती भाड्यानं आणावी. पण आणावी जरूर, कारण पाठवणी. मुलगी आईच्या गळ्यात पडते तेव्हा त्या दोघींच्या दोन फुटांवर जाऊन फ्लॅश उडवणं मला अजिबात मान्य नाही. दहा-पंधरा पावलं मागे राहावं, त्यांना त्यांचं रडू द्यावं आणि लांबून शांतपणे टिपावं. त्या घरानं आपल्याला आत घेतलेलं असतं, त्याची जाण ठेवावी.

एवढं जमल्यावर पैसे उरले, तर आणखी एक लेन्स घेऊ नका. दुसरी बॉडी घ्या, जुनी, साधी, कितीही वापरलेली चालेल. एकाच कॅमेऱ्यावर कुणाच्याही लग्नाची ऑर्डर घेऊ नये. दुसरी बॉडी घेणं किंवा भाड्यानं आणणं जमत नसेल, तर तो मुहूर्त दुसऱ्या फोटोग्राफरकडे द्या आणि त्याच्या हाताखाली जा.