बोटावरची शाई

निवडणुकीची शाई बोटाला लागते तेव्हा जांभळट असते. उन्हात आलं की बघता बघता काळी पडते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीतल्या क्षारांशी त्याचा संयोग होतो, प्रकाश लागला की डाग गडद होतो आणि मग साबण, लिंबू, घासलेट कशालाच दाद देत नाही. कातडीवरून काही आठवड्यांत जातो, नखावरचा मात्र नख वाढून कापलं जाईपर्यंत टिकतो. म्हैसूरच्या एका सरकारी कारखान्यात ही शाई बनते. 1937 साली नलवडी कृष्णराज वाडियार महाराजांनी तो कारखाना लाख आणि रंगांसाठी काढला होता. 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून त्याची शाई देशभर जाऊ लागली. माझा जन्म त्याच सालचा. आमच्या सांगोल्यातून गणपतराव देशमुख पहिल्यांदा आमदार झाले तेही त्याच सालच्या निवडणुकीत.

ही शाई मी पहिल्यांदा नीट पाहिली ती अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या बोटावर, मार्च 1977 मध्ये. आणीबाणी नुकतीच शिथिल झाली होती. वर्षभर गावात लोक दबक्या आवाजात बोलत. नसबंदीच्या कॅम्पची जीप दिसली की तरणीताठी माणसं रानात निघून जात. त्या दिवशी अण्णा धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून शाळेत मत द्यायला गेले. परत आल्यावर कोणाला मत दिलं हे त्यांनी आईलाही सांगितलं नाही. संध्याकाळी जेवताना भाकरी मोडणाऱ्या हाताशेजारी तो डागाचा हात ताटाच्या कडेला टेकलेला होता. काही दिवसांनी रेडिओवर निकाल लागला, दिल्लीतलं सरकार बदललं. मी पंधरा वर्षांचा होतो. दोन एकर कोरडवाहू जमिनीच्या मालकाचं बोट दिल्लीपर्यंत पोचतं, एवढं मला त्या रात्री पक्कं समजलं. माझा लोकशाहीवरचा विश्वास तिथून सुरू होतो.

तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं. माझं पहिलं मत डिसेंबर 1984 चं. पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो आणि इलेक्शन ड्यूटी मागे लागली ती निवृत्तीपर्यंत. ड्यूटीवरच्या माणसाचं मत तेव्हा बहुधा टपालानं जायचं, म्हणून कितीतरी निवडणुकांत मी दुसऱ्यांच्या बोटांना शाई लावली आणि माझं बोट कोरंच राहिलं.

ड्यूटीचं मला कधी ओझं वाटलं नाही. आदल्या दिवशी तहसीलला साहित्य ताब्यात घ्यायचं: मतपेट्या, मतपत्रिका, मतदारयाद्या, लाख, मेणबत्त्या, सुतळी, फुलीचा शिक्का आणि शाईची छोटी बाटली. एकेक नग यादीशी ताडून बघायचा, मग एसटीनं गाव गाठायचं. रात्री वर्गातली बाकं जोडून त्यांवरच आडवं व्हायचं. बाटली कलंडू नये म्हणून एखाद्या रिकाम्या डब्यात वाळू भरून तीत ती रोवून ठेवायची, हे काम मी स्वतः करायचो. सकाळी दार उघडायच्या आधी बायकांची रांग लागलेली असे. डावी तर्जनी बघायची, तिला तेलबिल लावलेलं असेल तर फडक्यानं पुसायची आणि मग काडी टेकवायची. 2006 पासून नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत सरळ रेघ ओढायची पद्धत आली. त्याआधी नखाच्या मुळाशी ठिपका असे.

एका मतदानाला ऊसतोडीहून मुद्दाम परत आलेली एक बाई समोर उभी राहिली. डाव्या हाताची तर्जनी नव्हतीच, कडबाकुट्टीत गेलेली. अशा वेळी त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाला लावायची. मी मधलं बोट धरलं. ती म्हणाली, "गुरुजी, चांगली दिसंल अशी लावा. मुकादमाला दाखवायचीय, मतासाठीच गावाला गेलते म्हणून." दोन दिवसांची मजुरी बुडवून ती आली होती. हातावर चिरांच्या रेघा, नखांत माती. मी शाई लावली आणि ती बोट वर धरून, फुंकर घालत मतपत्रिका घ्यायला पुढे सरकली. लोकशाहीबद्दल मी पुढे जे वाचलं, ऐकलं, ते त्या बोटाशी ताडून बघायची सवय मला लागली.

गणपतरावांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यांच्यामुळे आमच्या तालुक्याच्या अपेक्षा वाढून बसल्या आहेत. शेतकरी कामगार पक्षाचा हा माणूस अकरा वेळा आमदार झाला आणि एकाच पक्षात राहिला. 1972 ला आणि 1995 ला हरला, तरी पक्ष सोडला नाही. पक्ष लहान होत होत जवळजवळ त्यांच्यापुरता उरला, तरीही नाही. ते एसटीनं मुंबईला जायचे हे महाराष्ट्रानं कौतुकानं वाचलं. आम्ही ते पाहिलेलं आहे. जुनं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणत नाही. 1978 च्या जुलैत वसंतदादांचं सरकार पडलं तेही फुटीनंच, आणि त्यानंतर आलेल्या पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दलाच्या) मंत्रिमंडळात गणपतरावही होते. हरियाणातले आयाराम-गयाराम तर 1967 चे. पण ज्याला मत दिलं तो पुढच्या निवडणुकीत त्याच चिन्हावर दारात येईल, हे आमच्या तालुक्यात धरून चालायची गोष्ट होती. जुलै 2021 मध्ये ते गेले. आणि पुढच्याच वर्षी, जून 2022 मध्ये, राज्यातले फुटलेले आमदार आधी सुरतला आणि मग गुवाहाटीला गेले, त्यांत सांगोल्याचे आमदारही होते. तिथल्या हॉटेलाच्या आणि डोंगरझाडीच्या कौतुकाचा त्यांचा फोनवरचा संवाद राज्यभर वाजला. लोक हसले, त्यावर गाणी निघाली. मला त्या दिवसांत हसू आलं नाही.

मी कोणा एका पक्षावर चिडलेलो नाही. 2019 ला ज्यांनी एकत्र मतं मागितली ते निकालानंतर वेगळे झाले; ज्यांच्याविरुद्ध मागितली त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले; मधेच 23 नोव्हेंबरला सकाळी लोक चहा घेत असताना शपथविधी उरकला, आणि ते सरकार चार दिवसांत गेलं. 2022 ला एक पक्ष फुटला, जुलै 2023 ला दुसरा. चिन्ह कोणाचं ते निवडणूक आयोगानं ठरवलं. 11 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगणं चुकीचं होतं, पण मुख्यमंत्र्यांनी आधीच राजीनामा दिल्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही. अपात्रतेचं विधानसभा अध्यक्षांनी बघावं. जानेवारी 2024 मध्ये अध्यक्षांनी दोन्ही गटांतल्या कोणालाच अपात्र ठरवलं नाही. वकिलांनी युक्तिवाद केले, राज्यपाल, आयोग, न्यायालय, अध्यक्ष सगळ्यांची मतं घेऊन झाली. कडबाकुट्टीत बोट गेलेल्या त्या बाईला कोणीही, एकदाही विचारलं नाही. माझा सगळा संताप या एका जागी आहे.

पक्षांतरबंदीचा कायदा 1985 चा. घटनेला दहावं परिशिष्ट जोडलं तेव्हा मी शाळेच्या फळ्यावर ती बातमी आनंदानं लिहिली होती. त्यात एक तृतीयांश आमदार एकदम फुटले तर सूट होती. 2003 च्या दुरुस्तीनं ती काढली, पण दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायची वाट उघडी राहिली. शिवाय निकाल द्यायचा अध्यक्षांनी, आणि अध्यक्ष निवडून येतात ते बहुमतवाल्यांच्याच बळावर. एकट्यानं गेलं तर आमदारकी जाण्याची भीती, झुंडीनं गेलं तर मंत्रिपदाची आशा, असं त्याचं व्यवहारात झालं आहे.

आता आमच्याकडे बघू. शेवटच्या काही ड्यूट्यांत मला एक नवीन गोष्ट दिसायला लागली. सकाळची रांग विरळ व्हायची आणि दुपारी चारनंतर अचानक झुंबड उडायची. वस्तीवरची माणसं शाळेच्या कुंपणाबाहेर बसून राहायची. बाहेर चहाला गेलो तर विषय एकच: "अजून आलं न्हाई." पाकिटाची वाट बघत असत. आधी मत दिलं आणि बोट काळं झालं, तर मग कोण कशाला देईल? ज्या शाईनं अण्णांचं बोट दिल्लीला पोचवलं तिचा उपयोग मालाचा सौदा झाला की नाही एवढं दाखवण्यापुरता उरला होता. त्या माणसांवर मला राग धरता येत नाही. पाच वर्षांत हातात पडणारी एवढीच खात्रीची गोष्ट, असा त्यांचा हिशेब आहे, आणि वर चाललेलं बघता तो खोडून काढणं अवघड आहे. पण नीतिमत्ता कुठे गेली हे विचारताना सगळी बोटं मुंबईकडे करून भागत नाही.

त्यात मतदानच व्हायचं थांबलं. मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आला. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले चालू राहिले, मोठ्या शहरांच्या महापालिकांतही तेच. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश देईपर्यंत तीन वर्षं गावच्या रस्त्याचं, शाळेच्या छपराचं गाऱ्हाणं घेऊन जायला आम्हाला जिल्हा परिषदेत निवडलेला माणूसच नव्हता. अखेर 15 जानेवारी 2026 ला महापालिकांचं मतदान झालं, तर बोटावर मार्करनं केलेली खूण पुसली जाते अशा तक्रारी टीव्हीवर दिसल्या. शाई लावण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली त्याला ते बघवेना. मी टीव्ही बंद केला.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात मात्र 2019 ला एक गोष्ट घडली. उदयनराजे भोसले लोकसभेवर निवडून आले, काही महिन्यांत पक्ष बदलला, पण खासदारकीचा राजीनामा देऊन पुन्हा लोकांपुढे उभे राहिले. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांनी त्यांना हरवलं. पक्ष बदलणं बरोबर की चूक ते साताऱ्याच्या मतदारांनी ठरवलं. विचार बदलू शकतात, पक्षही सोडावासा वाटू शकतो. फक्त जाताना आमचं मत आम्हाला परत करावं आणि नव्यानं मागावं.

म्हणून आता मी एक कागद करून ठेवला आहे. "पक्ष सोडला तर राजीनामा देऊन पुन्हा निवडणूक लढवीन," एवढं एकच वाक्य आणि खाली सहीची जागा. प्रचाराला कोणाचेही कार्यकर्ते आले की तो पुढे करतो आणि साहेबांची सही आणा म्हणतो. "गुरुजी, पुढचं कुणी बघितलंय?" असं एकजण म्हणाला. दुसरा फोटो काढून घेऊन गेला, परत आला नाही. सही अजून एकाचीही नाही. गेल्या महिन्यात ग्रामसभेत मी तो कागद वाचून दाखवला तेव्हा मागून दोन पोरं उठली, माझे जुने विद्यार्थी, आणि त्यांनी झेरॉक्स मागितली. पुढच्या निवडणुकीत वस्त्यांवर ते फिरणार आहेत. वेशीकडच्या आळीत मी जाईन.