स्कॅनर आहे, रेंज नाही

कोल्हापूर ते गगनबावडा हे अंतर जेमतेम 55 किलोमीटर. फुलेवाडी मागं पडली की बालिंगा, मग कळे, साळवण अशी गावं लागतात आणि दोन्ही अंगांना ऊस. एसटी भरलेली असते, निम्मी बस फोनवर बोलत असते. डोंगर अंगावर यायला लागले की हे बोलणं विरळ होत जातं. माझ्या पुढच्या बाकावरच्या तरुणानं डेअरीचा निरोप, पाहुण्यांचा निरोप आणि गॅसच्या नंबरचा निरोप एका दमात घरी सांगून टाकला. शेजारच्या मामांनी त्याला आठवण करून दिली होती, "आत्ताच बोलून घे. फुडं रेंज न्हाई."

गगनबावडा हा जिल्ह्यातला लोकसंख्येनं सगळ्यात लहान तालुका आणि पावसानं सगळ्यात मोठ्यांपैकी एक. वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस इथं कुणाला विशेष वाटत नाही. दर पावसाळ्यात मांडुकलीजवळ कुंभीचं पाणी रस्त्यावर येतं आणि 'कोल्हापूर-गगनबावडा मार्ग बंद' ही बातमी वर्तमानपत्रात येते. तारीख तेवढी बदलते. रस्ता बंद म्हणजे एटीएममध्ये पैसे भरणारी गाडी बंद. मग वीज जाते, टॉवरची बॅटरी संपते. बाजारपेठेत एरवी फोन चालतो, व्यवहारही होतात. मुख्य रस्ता सोडून आतल्या वाड्यांकडं वळलं, किंवा करूळ घाटाच्या तोंडाशी धुक्यात जाऊन उभं राहिलं, की फोन नुसता घड्याळ बघायच्या कामाचा उरतो.

घाटमाथ्यावरच्या एका टपरीवर मी चहा घेत होतो. प्लॅस्टिकमध्ये घातलेला स्कॅनर खांबाला बांधलेला, त्याच्यावर दव धरलेलं. शेजारी पैसे आल्याचं सांगणारा आवाजाचा डबा. कोकणात निघालेली एक गाडी थांबली होती. चहा, भजी, पाण्याच्या बाटल्या असा हिशेब झाला. गाडीवाल्यानं फोन धरला. पडद्यावर गोल फिरत राहिला, डबा गप्प. "दादा, माझ्याकडून कट झालेत," तो म्हणाला. टपरीवाल्यानं वाद घातला नाही. फळीखालून शंभर पानी वही काढली, गाडीचा नंबर लिहिला, माणसाचा मोबाईल नंबर लिहिला, पुढं रक्कम. "खाली वैभववाडीत पोचलासा की बगा. गेलं नसतील तर तितनं मारा."

गाडी गेल्यावर मी विचारलं, असे किती बुडतात? "हायत की एखाद-दुसरं. पण पाव्हणं, उधारी बुडवणारं गावातलंच जास्त असतंय."

त्याचा डबा का बोलत नाही, हेही त्यानंच सांगितलं. डब्यात त्याचं स्वतःचं सिम असतं. गिऱ्हाइकाच्या फोनला एका कंपनीची रेंज मिळते, डब्यातल्या सिमला दुसऱ्या कंपनीची मिळत नाही. पैसे खात्यावर येऊन पडतात आणि डबा मुका राहतो. उलटंही होतं. पैसे गेल्याचा खोटा पडदा दाखवणारी ॲप निघाल्यापासून दुकानदार गिऱ्हाइकाच्या फोनवर विश्वास ठेवत नाहीत, डब्याच्या आवाजावर ठेवतात. त्यामुळं मुका डबा हा टपरीवर तंट्याचा विषय होऊ शकतो.

दहा रुपयांच्या चहाचे पैसे देताना काय काय घडतं, हे बघितलं तर टपरीवाल्याची अडचण कळते. गिऱ्हाइकाच्या फोनवरून निरोप त्याच्या ॲपच्या बँकेकडं, तिथून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या यंत्रणेकडं, तिथून गिऱ्हाइकाचं खातं असलेल्या बँकेकडं. पिन बरोबर आहे का, शिल्लक आहे का, हे बघून पैसे वजा. मग दुकानदाराच्या बँकेत जमा, आणि झालं असं सांगणारे निरोप दोन्ही बाजूंना परत. 2016 च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या यूपीआयनं ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्यांदाच एका महिन्यात 2000 कोटी व्यवहारांचा आकडा ओलांडला. एवढ्या व्यवहारांत ही ये-जा दोन-चार सेकंदांत होते, म्हणून ती कुणाला दिसत नाही. घाटात मधलाच एखादा निरोप हरवतो आणि मग दिसते.

रिझर्व्ह बँकेला ही अडचण ठाऊक नाही असं नाही. ऑगस्ट 2020 मध्ये तिनं नेटशिवाय होणाऱ्या छोट्या पेमेंटच्या चाचण्यांना परवानगी दिली, आणि 3 जानेवारी 2022 ला त्यासाठीची चौकट जाहीर केली. समोरासमोरच पैसे द्यायचे, सुरुवातीला एका वेळी 200 रुपयांपर्यंत, पाकिटात एकूण 2000. पाकीट भरायचं ते मात्र रेंजमध्ये असतानाच. पिन नको, ओटीपी नको. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूपीआय लाइट आलं. त्यात थोडी रक्कम फोनमध्येच बाजूला काढलेली असते, म्हणून दर वेळी बँकेला विचारावं लागत नाही. तरी समोरच्याच्या खात्यात पैसे पोचायला नेट लागतंच. सप्टेंबर 2023 च्या 'लाइट एक्स'मध्ये तेही लागत नाही. दोन फोन एकमेकांना टेकवले की पैसे इकडून तिकडं. अट एवढीच, की दोन्ही फोनांत एनएफसी पाहिजे. टपरीवाल्याच्या फोनात ते नव्हतं. त्याच्या गिऱ्हाइकांपैकी महागड्या फोनवाल्यांकडं असेल, पण नुसत्या त्यांच्याकडं असून काय करायचं?

रकमेच्या या मर्यादा मला तांत्रिक बाबींपेक्षा बोलक्या वाटतात. नेट नसताना फोनातली शिल्लक खरी की खोटी, तेच पैसे कुणी दोनदा तर खर्च केले नाहीत, हे जागच्या जागी तपासायला कुणी नसतं. पैसे दिले आणि हिशेब जुळला, यांच्यामधल्या वेळेत कुणाला तरी जोखीम अंगावर घ्यावी लागते. 2022 च्या चौकटीत दुकानदाराच्या बाजूनं होणाऱ्या तांत्रिक आणि सुरक्षेच्या घोळाची जबाबदारी दुकानदाराला जोडून घेणाऱ्या बँकेवर टाकली आहे. तेव्हा बँकेनं किती रुपयांची जोखीम घ्यायची, तर 200. डिसेंबर 2024 मध्ये लाइटसाठी ती एका वेळी 1000 आणि एकूण 5000 झाली. टपरीवाल्याच्या वहीतली एकेक नोंद याच पट्ट्यात बसते; ती मर्यादा त्यानं परिपत्रक न वाचता ठरवलेली आहे.

क्रेडिट कार्डांच्या सुरुवातीच्या काळात मोठ्या शहरांतल्या दुकानांतही असंच चालायचं. कार्डावरची उठावाची अक्षरं खटक्याच्या यंत्रानं कार्बन कागदावर उमटवायची, सही घ्यायची, पावत्या नंतर बँकेत भरायच्या. चोरीला गेलेल्या कार्डांच्या नंबरांची छापील पुस्तिका गल्ल्यापाशी असायची, आणि ठरावीक रकमेच्या वर गेलं की बँकेला फोन करून विचारायचं. त्या रकमेच्या खाली? कार्ड आणि सही बघून माल द्यायचा.

साध्या फोनवाल्यांसाठी 28 ऑगस्ट 2014 पासून *99# देशभर आहे. त्याला नेट लागत नाही, फोनची साधी रेंज पुरते, आणि तेरा भाषांत मराठीही आहे. मार्च 2022 मध्ये 123पे आलं. त्यात नंबर लावून, सांगेल तसं बटण दाबून पैसे पाठवता येतात. केनियात मार्च 2007 मध्ये एम-पेसा सुरू झालं तेही साध्या फोनांवरच, आणि तिथं ते घराघरांत गेलं. इकडं बसमध्ये, टपरीवर, बाजारात मी विचारत गेलो. *99# माहीत असलेला एक जण भेटला, तोही स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. त्यानं चालू घडामोडींत वाचलं होतं. वापरून बघितलंस का? "न्हाई सर. घरात कार्डच कुणाचं न्हाई." नोंदणीची रुळलेली रीत म्हणजे डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष टाकायचं. ज्याला ही सोय हवी त्याच्याकडं कार्ड नसतं.

आणि तुटायला डोंगरच लागतो असंही नाही. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी 55 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी 43 आहे. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग जवळपास आठवडाभर बंद राहिला. कोल्हापूर हे सहकाराचं, बँकांचं, पतसंस्थांचं शहर; त्याच्या खिशातले फोन चार्जिंगविना आणि एटीएम विजेविना पडून होते. प्रयाग चिखली, आंबेवाडी, पलीकडं शिरोळ तालुक्यातली कुरुंदवाड, नृसिंहवाडी यांची तर गोष्टच वेगळी. सरकारनं ग्रामीण भागात कुटुंबामागं 10 हजार आणि शहरात 15 हजार रुपये मदत जाहीर केली, ती सुरुवातीला बँक खात्यावरच जमा व्हायची होती. खात्यावरचे पैसे काढायचे कुठून, हा प्रश्न आल्यावर त्यातले 5000 रोख द्यायचं ठरलं. त्या दिवसांत ओळखीच्या किराणा दुकानदारानं दिलेलं तांदळाचं पोतं किंवा मेणबत्त्यांचा पुडा कुणी कसा चुकता केला, याच्या गोष्टी शहरात अजून निघतात.

त्याआधी तीन वर्षं आणखी एक तुटणं झालं होतं, तेही भर उन्हात. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटाबंदी झाली आणि 14 तारखेला जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई आली. खेड्यातल्या शेतकऱ्याचं खातं तर याच बँकेत: पीककर्ज विकास संस्थेमार्फत इथून, उसाचं बिल इथंच. कोल्हापूर जिल्हा बँकेनं मधल्या दिवसांत घेतलेल्या नोटांपैकी 25 कोटींच्या आसपास रक्कम अडकून पडली. राज्यातल्या आठ जिल्हा बँकांची मिळून 112 कोटी. टॉवर उभा होता, वीज होती, शाखा उघडी होती, तरी पश्चिमेकडच्या तालुक्यांतली गावं बँकेपासून तुटली होती.

गगनबावड्याच्या आत एका वाडीत संध्याकाळी पोचलो तेव्हा दूध संस्थेवर गर्दी होती. कॅन, किटल्या, मुलांच्या हातात बरण्या. काट्यावर भांडं ठेवलं की वजन पडद्यावर येतं, चमच्याएवढा नमुना यंत्रात जातो आणि छोट्या छपाईयंत्रातून चिठ्ठी येते: लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. हे सगळं रेंजशिवाय. यंत्र स्वतःच्या पोटात हिशेब ठेवतं, रेंज मिळेल तेव्हा तो पुढं जातो. वीज गेली तर बॅटरीवर, बॅटरी गेली तर रजिस्टरवर. गोकुळची, म्हणजे 1963 साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाची, बिलं दर दहा दिवसांनी निघतात, आणि वाडीची सगळी देणीघेणी याच दहा दिवसांच्या तालावर चालतात. महालक्ष्मी पशुखाद्याचं पोतं उचललं की ते बिलातून वजा. दुकानात चहा-साखर घेतली, "बिलावर देतो." दिवाळीत दूध दरफरक येतो, त्याच्यावर कपडे आणि जुनी उधारी. संस्थेच्या सचिवांना मी विचारलं, हे पण डिजिटलच झालं की? ते हसले. "डिजिटल म्हना न्हाईतर काय बी म्हना. म्हस रोज दूध देतीया तवर सगळं बरोबर चालतंय. आटली की खरी रेंज जाती."

रात्री मुक्काम वाडीतच. सकाळी देवळाच्या पारावर खात्यावरचे पैसे काढून देणारा बँक मित्र येणार होता. ऑगस्ट 2024 पासून 'माझी लाडकी बहीण'चे महिन्याला 1500 रुपये आधारला जोडलेल्या खात्यात पडू लागले, शिवाय श्रावणबाळ, संजय गांधी निराधार योजनांचे. पैसे येतात खात्यावर आणि शाखा असते तालुक्याला. जाण्यायेण्याचं भाडं आणि एक रोज बुडवून दीड हजार आणायचे, त्यापेक्षा पारावर अंगठा लावलेला परवडतो. तो तरुण मोटरसायकलवरून आला, पण पाराशी थांबला नाही. वाडीच्या वर सड्यावर एका कातळापाशी दोन काड्या रेंज येते, तिथं त्यानं बैठक मांडली. बायका चढून वर गेल्या. मीही गेलो.

यंत्र सुपारीएवढं, फोनला वायरनं जोडलेलं. पहिल्या दोघींचे पैसे पटकन निघाले. तिसऱ्या आजी भात लावणीच्या. बोटांवरच्या रेषा चिखलानं आणि विळ्यानं पार गुळगुळीत झालेल्या. उजवा अंगठा, डावा अंगठा, मधलं बोट. यंत्र लाल दिवा दाखवत राहिलं. त्यानं फडक्यानं काच पुसली, आजींना बोटं कपाळावर घासायला सांगितली. "तेल लागतंय कपाळाचं, मग वाचतंय." तेवढ्यात रेंजच गेली. सगळे गप्प बसले, तो फोन हातात धरून कातळाभोवती फिरून आला. परत आली तेव्हा करंगळी लागली. त्यानं पिशवीतून पाचशेच्या तीन नोटा मोजून दिल्या आणि वहीवर सहीऐवजी पुन्हा अंगठा घेतला, यंत्राची पावती निघाली नव्हती म्हणून.

आजींनी नोटा कमरेच्या पिशवीत खोचल्या. उतरायला लागल्या आणि मागं वळून त्याला म्हणाल्या, "फुडच्या बारीला येताना थोडी रेंज बी घिऊन ये की लेका, डोंगर चढायचं वय न्हाई आमचं." तो पुढच्या बाईचा आधार नंबर टाकत होता.