संगमेश्वरास आहे काय?

“संगमेश्वरास? आणि तेही दिवाळीत? अहो, तिथे आहे काय?”

गेल्या दिवाळीच्या आधी आठ दिवसांत हा प्रश्न आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतल्या एकूण सात जणांनी मला विचारला. त्यांपैकी दोघे महाबळेश्वरास निघाले होते, एक माथेरानला, आणि तिसऱ्या मजल्यावरचे बिऱ्हाड तर थेट मनालीस. डोंगरातले लहानसे गाव म्हटले, की तिथे निदान चार ‘पॉइंट’ असावेत, घोडे असावेत, तळ्यात होडी असावी आणि येताना आणायला चिक्की तरी असावी, अशी आपली समजूत. संगमेश्वरास यातले काहीच नाही. “गोव्याला जाताना लागतं ते. चहाला थांबलो होतो एकदा,” असे एका गृहस्थाने सांगितले. त्या थांबण्याचा त्याला अजूनही थोडा पश्चात्ताप होत असावा.

मी हसून वेळ मारून नेली, कारण खरे कारण सांगायची मला लाज वाटत होती. मी हवा खायला चाललोच नव्हतो. संगमेश्वराच्या पलीकडे सोनवीच्या काठाने आत गेले, की एका वाडीत आमचे वडिलोपार्जित घर आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, मागे चार नारळ आणि एक हट्टी फणस. सातबाऱ्यावर आम्हां पाच चुलतभावंडांची नावे. घर विकायचे ठरले होते. गिऱ्हाईक मिळाले होते, चौघांचा होकार झाला होता, एक माझाच राहिला होता. तालुक्याचे नाव संगमेश्वर असले तरी त्याच्या कचेऱ्या देवरुखास आहेत, आणि त्या दिवाळीच्या सुट्या संपल्यावर उघडायच्या होत्या. मधले चार दिवस मोकळे होते. तेव्हा “तिथे करायचे काय?” हा प्रश्न शेजाऱ्यांइतकाच मलाही पडला होता.

दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी एक्सप्रेस आम्ही धरली. याच जिल्ह्यातल्या मालगुंडच्या केशवसुतांच्या कवितेवरून २०१७ साली गाडीला हे नाव मिळाले. नाव असे, की ऐकून झोपलेला जागा व्हावा. पण आम्ही उभयता असे गाढ झोपलो, की सौभाग्यवतींना आरवलीच्या सुमारास जाग आली नसती तर आम्ही रत्नागिरीसच उतरलो असतो. संगमेश्वर रोडच्या फलाटावर पाऊल ठेवले तेव्हा पहाट ओलसर होती, आणि नदीवरचे धुके झाडांच्या कमरेपर्यंत चढले होते. रिक्षावाल्याने कुठे जायचे ते विचारले नाही. त्याने विचारले, “कुणाकडचे तुम्ही?” कोकणात पत्ता पुढे, माणूस आधी. मी वडिलांचे नाव सांगितले. ते जाऊन तीस वर्षे झाली आहेत. रिक्षावाला तिशीच्या आतलाच असावा, पण मान हलवून म्हणाला, “म्हंजे वहिनींच्या घरी!” आणि आमची रिक्षा निघाली.

वहिनी म्हणजे आमच्या थोरल्या चुलतभावाची बायको. तो गेल्यापासून त्या घरात त्या एकट्याच राहतात.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी होती. पहाटे चुलाण्यावरच्या हंड्यातले धुराचा वास असलेले पाणी अंगावर घेतले, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडले, आणि नव्या भाताचे पोहे खायला बसलो. दुधातले, ताकातले, गुळाचे आणि तिखटाचे असे चार प्रकार होते. शहरात पोहे म्हणजे एक पदार्थ असतो. इथे ते एक गणगोत आहे. त्यानंतर सौभाग्यवतींनी दुसऱ्या स्नानाचा बेत काढला. तुरळ-राजवाडीचे उन्हाळे, म्हणजे गरम पाण्याचे झरे, तिथून जवळच. कोकणपट्टीत वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत उत्तर-दक्षिण असे कितीतरी झरे आहेत. आत ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. पाण्याला गंधकाचा वास येतो. पहिल्या पाच मिनिटांत नाक तक्रार करते, पुढच्या पाच मिनिटांत गुडघे आभार मानतात. कुंडाच्या काठी एक म्हातारबुवा बसले होते. पाय पाण्यात सोडून ते मला म्हणाले, “सरकारी दवाखाना सकाळी उघडतो. ह्यो उघडाच असतो.”

संध्याकाळी संगमावर गेलो. शास्त्री आणि सोनवी या दोन नद्या बाजाराला लागूनच एकमेकींना भेटतात आणि जयगडच्या खाडीची वाट धरतात. एके काळी भरतीबरोबर जयगडाकडून मालाची गलबते थेट इथवर चढत. घाटावरून बैलांच्या पाठीवर धान्य उतरे आणि खाडीतून मीठ-मासळी वर जाई. पुढे डोंगरावरची माती नदीत येत गेली, पात्र गाळाने भरले, गलबते खालीच थांबू लागली. मग मोटारींचा रस्ता आला. मग १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली. प्रत्येक नवी वाट आली तसे गाव जगाला जवळ आले, आणि प्रत्येक वाटेने गावातली चार-चार बिऱ्हाडे मुंबईला गेली. आमचेही त्यातच गेले. काठावर उभा राहून मी हे सौभाग्यवतींना ऐकवत होतो. त्या म्हणाल्या, “नद्यांना नावं ठेवू नका. त्या अजून इथेच आहेत.”

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी कसब्याला गेलो. बाजारापासून चालत जाण्याइतके हे गाव जवळ आहे. इथे अलकनंदा आणि वरुणा यांचा संगम आहे, संगमेश्वराचे देऊळ आहे आणि सर्वांत पाहण्यासारखे म्हणजे कर्णेश्वर आहे. आमच्या भागात बांधकाम म्हणजे तांबडा जांभा. त्या तांबड्या मुलुखात हे काळ्या दगडाचे मंदिर एकदम समोर येते. कर्ण नावाच्या चालुक्य राजाने ते बांधले असे सांगतात. खांबांवर, दारांवर, छतावर इतके कोरले आहे, की मान दुखेपर्यंत पाहावे आणि मग खाली बसून पुन्हा पाहावे. शेजारी सूर्यनारायणाचेही देऊळ आहे. आत गारवा होता, एक कबुतर होते आणि आम्ही दोघे. महाबळेश्वरच्या कुठल्या पॉइंटवर दिवाळीत अशी जागा मिळेल?

पण कसब्यास आलेला मराठी माणूस फार वेळ नक्षी पाहत राहू शकत नाही. १६८९ च्या फेब्रुवारीच्या आरंभी छत्रपती संभाजी महाराज आणि कवी कलश याच गावात मोगलांच्या हाती लागले. महाराज विशाळगडाकडून रायगडास निघाले होते. कोल्हापुराकडून मुकर्रबखान निवडक फौज घेऊन अवघड घाटवाटांनी अचानक उतरला. चकमकीत संताजींचे वडील म्हाळोजी घोरपडे पडले. पुढे ११ मार्चला काय झाले, ते सांगायला नको. नदीकाठी उभे राहून पूर्वेला पाहिले, की सह्याद्रीची भिंत दिसते. इतकी उंच, इतकी सलग, की तिच्या आडून कोणी येईल हे आजही खरे वाटत नाही. येसूबाईंचे माहेर शृंगारपूर याच तालुक्यात, त्याच भिंतीच्या पायथ्याशी आहे. म्हणजे महाराज परक्या मुलुखात नव्हते, सासुरवाडीच्या मुलुखात होते. हा विचार मनात आला आणि मला काही बोलवेना.

२०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट आला, आणि त्याच मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात इथे स्मारक उभारण्याची घोषणा झाली. तेव्हापासून मोटारी जास्त येऊ लागल्या, असे चहावाला सांगत होता. आमच्यासमोरच एक गाडी आली, पुतळ्यापाशी सहा छायाचित्रे निघाली, आणि दहा मिनिटांत ती गोव्याकडे लागली. कर्णेश्वर तिथून हाकेच्या अंतरावर होता. मी त्यांना हाक मारणार होतो. मग वाटले, आपण तरी साठ वर्षांत किती वेळा थांबलो?

पाडव्याला मार्लेश्वर. देवरुख संगमेश्वरापासून सुमारे १८ किलोमीटर, आणि तिथून जवळजवळ तितकेच पुढे, सह्याद्रीच्या अगदी कुशीत, मारळ गाव. शेकडो पायऱ्या चढाव्या लागतात. वर गुहेत शंकर, समईचा मंद उजेड आणि कपारींत साप. ते कोणास काही करत नाहीत अशी श्रद्धा आहे. आम्ही ती श्रद्धा बाळगून, पण पाय आवरून बसलो. बाहेर आले की समोर धारेश्वराचा धबधबा. पावसाळ्यात तो गर्जतो म्हणतात. कार्तिकात तो नुसता बोलतो, आणि मला तेच बरे वाटले. मकरसंक्रांतीला इथे मार्लेश्वराचे लग्न साखरप्याच्या गिरिजादेवीशी लागते. साखरप्याहून देवीची पालखी येते, मानपान होतात, वऱ्हाड जेवते. हे लग्न दरवर्षी नव्याने लागते. “बरोबर आहे,” सौभाग्यवती म्हणाल्या, “एकदा लावलेलं किती वर्षं पुरणार?” मी धबधब्याकडे पाहू लागलो.

ज्यांचे गुडघे तरुण आहेत, त्यांच्यासाठी देवरुखाजवळ महिमतगड आहे, आणि शृंगारपुरावरचा प्रचितगड तर आहेच. तो आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या रानात येतो, तेव्हा वनखात्याला विचारूनच जावे. आम्ही त्यांना खालून नमस्कार केला.

त्या रात्री वहिनी चुलीपुढे घावन घालत होत्या. जवळच कुळथाचे पिठले रटरटत होते. मी चार दिवस टाळलेला प्रश्न विचारला, “वहिनी, तुम्ही पहिला होकार कसा दिलात?”

“देऊ नको तर काय करू, भाऊजी?” त्यांनी घावन उलटले. “कौलं परतायला माणूस मिळत नाही. मिळाला, की पैशांसाठी तुम्हां सगळ्यांना फोन करायचा. तुम्ही देता, नाही असं नाही. पण दर वेळी मागायचं. मुलगा पुण्याला ये म्हणतो.”

“तुम्हांला जायचंय?”

“जायचं कुणाला असतं? पण नुसतं राहून चालत नाही. कुणीतरी यायलाही लागतं.” आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी एक घावन टाकले.

भाऊबीजेला वहिनींच्या भावाकडे देवरुखास गेलो. डोंगराने वेढलेले, झाडीतले, नीटनेटके गाव. इंदिराबाई हळबे, साऱ्या गावाच्या मावशी, यांनी १९५४ साली उभारलेले मातृमंदिर इथेच. ज्यांना कोणी नाही त्यांना घर मिळावे म्हणून एका बाईने या आडगावी संस्था उभी केली. त्या फाटकासमोर मी जरा जास्त वेळ रेंगाळलो. आमच्या घराला पाच मालक होते आणि ते रिकामे करायला आम्ही निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडली. दलाल दाराशी उभा होता, कागद तयार होते, पेनही त्याचेच होते. मी चष्मा पुसला, कागद शेवटपर्यंत वाचला आणि सही न करता परत दिला. काही थोर भाषण केले नाही. “पावसाळ्यापर्यंत थांबू या,” एवढेच म्हणालो. वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी काही विचारले नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी बाजारात रिक्षा थांबवून नवा कोयता मात्र घेतला.

एवढ्याने सारे गोड झाले असे वाचकांनी समजू नये. धाकटा चुलतभाऊ अजून माझा फोन उचलत नाही. त्याला पैशांची खरोखरच गरज होती, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचा वाटा मी कसा भागवणार, हे अजून ठरायचे आहे. यंदा मे महिन्यात आम्ही दोघे पंधरा दिवस जाऊन राहिलो. शाकारणी करून घेतली. दोन वासे वाळवीने खाल्ले होते, ते बदलले. खर्च अंदाजाच्या दुप्पट झाला. पहिल्या पावसात पडवी एकाच जागी गळली, असा वहिनींचा फोन आला. त्या आनंदात असाव्यात, कारण तक्रार बराच वेळ चालली.

आता पुन्हा दिवाळी आली आहे आणि तुतारीची तिकिटे खिशात आहेत. काल जिन्यात मनालीवाले भेटले. “पुन्हा संगमेश्वर? तिथे आहे तरी काय?”

मी त्यांना उन्हाळे सांगितले, कर्णेश्वर सांगितला, मार्लेश्वराचे दरसालचे लग्न सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि घड्याळ पाहिले. तेव्हा शेवटी म्हणालो, “शिवाय पडवीची दोन कौलं सरकली आहेत. ती बसवायची आहेत.”

“बरोबर कोण आहे?”

“तुम्ही येता का?” मी विचारले. “शिडी धरायला एक माणूस कमी आहे.”