पापनाशमच्या वाटेवर सापडलेला धंदा!

अहो, ऐका तरी! पापनाशम ठाऊक आहे? कुंभकोणमहून तंजावरकडे निघालं की मध्ये लागतं ते! कावेरीचं पाणी, भाताची शेतं, देवळंच देवळं! याच तालुक्यात उमायाळपुरम नावाचं गाव आहे. मृदंगाच्या शौकिनांना ते उमायाळपुरम शिवरामन यांच्यामुळे माहीत असेल. पण सॉफ्टवेअर भाड्याने देणाऱ्या झोहो कंपनीच्या श्रीधर वेंबूंचं घराणंही तिथलंच! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला थांबवून सांगतोय!

मी सॉफ्टवेअरमधला नाही. कोडची एक ओळ मला लिहिता येत नाही. पण भाड्याच्या सॉफ्टवेअरचा हा धंदा इतका भन्नाट आहे की तुम्हालाही आता शेजारी बसून ऐकावंच लागेल!

पूर्वी सॉफ्टवेअर एकरकमी विकत घ्यायचं, सर्व्हर घ्यायचा, तो सांभाळायला माणूस ठेवायचा. विकणारा पैसे घेऊन मोकळा! आता सगळं त्याच्या सर्व्हरवर आणि आपण फक्त दरमहा भाडं भरायचं! पापनाशमच्या देवळात नायक राजांच्या काळातलं, सतराव्या शतकातलं धान्यकोठार आहे. अशाच एखाद्या कोठारात प्रत्येकाने आपापली पोती ठेवली तर? राखणदार एक, दुरुस्ती एकदाच आणि धान्य सगळ्यांचंच कोरडं! म्हणून तर भाड्याचं सॉफ्टवेअर स्वस्त पडतं!

आणि मग खरी गंमत! विकणाऱ्याचाच जीव टांगणीला! जाहिरात, विक्रीची माणसं, फुकट चाचणी, हा खर्च पहिल्या महिन्याच्या भाड्यात बहुधा निघतच नाही! गिऱ्हाईक टिकलं तरच नफा! म्हणजे सौदा कधी संपतच नाही, दर महिन्याला विश्वास नव्याने कमवायचा! केवढी सुंदर गोष्ट आहे ही!

वेंबूंचंच बघा. १९९६ मध्ये त्यांची अ‍ॅडव्हेंटनेट कंपनी सुरू झाली, २००५ मध्ये गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणारं झोहो सीआरएम आलं आणि मग २००९ मध्ये कंपनीचंच नाव झोहो झालं आणि हे सगळं बाहेरच्या गुंतवणूकदाराशिवाय! आणि मग २०१७ मध्ये झोहो वन! ३५हून जास्त अ‍ॅप्स एकत्र, तेव्हा माणशी महिना ३० डॉलर! पण अट काय होती? सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी घ्यायचं! त्या एका अटीत केवढा विचार! अख्खं ऑफिस एकाच जागी काम करू लागलं की सोडून कोण जाईल?

आणि मग गिरीश मातृभूतम! इंजिनिअरिंग तंजावरला, आजच्या शास्त्र विद्यापीठात! नंतर नोकरी झोहोत! २०१० मध्ये ग्राहकसेवेचं सॉफ्टवेअर देणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने दर वाढवले, गिऱ्हाइकं भडकली आणि या माणसाला त्या रागात धंदा दिसला आणि मग चेन्नईत फ्रेशडेस्क उभी राहिली आणि मग तीच फ्रेशवर्क्स होऊन २२ सप्टेंबर २०२१ रोजी थेट नॅसडॅक शेअर बाजारात! दुसऱ्याच्या दरवाढीतून एवढी मोठी कंपनी!

तेव्हा तुमचं दुकान असो, क्लास असो की दवाखाना, सॉफ्टवेअरच्या करारावर सही करण्याआधी माझ्यासाठी एवढं विचाराच! माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येईल ना? पुढच्या वर्षी भाडं किती वाढेल, ते लेखी आहे का? दहाची वीस माणसं झाली तर बिल किती? भर गर्दीच्या वेळी बंद पडलं तर फोन कोण उचलणार? वर्षाचे पैसे आधी भरले की सवलत मिळते, पण पायही अडकतो! म्हणून सुरुवातीला महिन्याच्या हिशेबानेच घ्या!

आणि निघायची वाट जो विकणारा स्वतःहून दाखवतो ना, त्याच्याकडे खुशाल राहा! त्याला पुढच्या महिन्याचीही खात्री आहे! चला, आजच एका तरी विकणाऱ्याला फोन लावा आणि काय म्हणाला ते मला लगेच सांगा!