दाराशी धरणे

बिऱ्हाड हलविताना माणूस मागे काय काय ठेवून जातो! भिंतीतले खिळे, माळ्यावरची तुटकी सूप-चाळण, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेल्या मुलांच्या उंचीच्या खुणा. साताऱ्याच्या शनिवार पेठेतल्या आमच्या जागेत पूर्वी राहणाऱ्या गृहस्थांनी हे सारे ठेवलेच. शिवाय आपले नावही ते इथेच ठेवून गेले. त्या नावाने गेली दोन वर्षे माझ्या दारात पत्रे येत आहेत, आणि सगळ्यांचा विषय एकच : थकलेले हप्ते.

परक्याचे पत्र फोडू नये, एवढा धडा मी वर्गात मुलांना देतोच. तेव्हा पाकिटे मी कधी फोडली नाहीत. पण ही पाकिटे फोडावी लागतच नाहीत. थकबाकीची बातमी लाल अक्षरांत त्यांच्या पाठीवरच छापलेली असते. टपालवाला ती हातात देताना आता माझ्याकडे जरा सहानुभूतीने पाहतो. समोरच्या काकूंनी तर एकदा आमच्या घरात विचारलेसुद्धा, “सरांचं काही अडलंय का हो?” कर्ज माणसाने काढायचे आणि अब्रू दाराची जायची, असा हा व्यवहार आहे.

तसा तो जुनाच. पूर्वी आपल्याकडे येणेकरी देणेकऱ्याच्या दाराशी धरणे धरून बसत असे. उपाशीतापाशी बसायचे, आतल्याच्या गळ्याखाली घास उतरू द्यायचा नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत, दैवी कोपाचा धाक घालण्याचा गुन्हा समजावून सांगताना, या धरण्याचेच उदाहरण दिले होते. सावकारी कठोर होती, यात शंका नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले, त्यांनी सावकारांची दुकाने लुटली आणि हाती लागले ते रोखे जाळले. त्याची चौकशी होऊन १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदाही झाला. पण एक गोष्ट खरी, की त्या काळचा सावकार देणेकऱ्याला तोंडाने ओळखत होता. धरणे धरायचे तर घरात तोच माणूस आहे, एवढी खात्री तो करून घेई. आजचे पत्र मात्र आत कोण आहे हे न पाहताच दाराशी ठाण मांडून बसते.

गेल्या पावसाळ्यात पत्रांच्या मागोमाग एक माणूसही आला. वसुलीच्या कामावरचा, पंचविशीतला पोरगा; मोटारसायकलवर भिजून चिंब झालेला. मी भाडेकरार दाखविला तेव्हा त्याने सुस्कारा सोडला. “मग ते कुठं गेले, सर?” मी म्हटले, “इथं राहत नाहीत, एवढं मी सांगू शकतो.” त्याने पाणी मागितले, दाराचा फोटो काढला, आणि जाताना म्हणाला, “भेटलेच तर सांगा, पुढच्या महिन्यात लोकअदालतीची तारीख आहे. तडजोड होईल. नाहीतर पुढे कोर्ट.” १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करण्यास मनाई केली आहे, कर्जदाराचे कुटुंबीय आणि स्नेही यांच्या खाजगी आयुष्यात शिरू नये, असेही त्यात म्हटले आहे. मागाहून आलेल्या बिऱ्हाडकरूचा विचार त्यात कुणी केलेला दिसत नाही. तरी या पोराने मर्यादा सोडली नाही, हे नमूद केले पाहिजे.

खरी पंचाईत पुढेच होती. कोपऱ्यावरच्या वाण्याजवळ मी सहज हा विषय काढला, तर तो म्हणाला, “ते? अहो, जायच्या आदल्या रात्री दोन महिन्यांची उधारी पैन् पै चुकती करून गेले. फोन नंबर देऊन गेलेत, कुणाचं काही आलं तर कळवा म्हणून.” कागदावरचा बुडवा आणि वहीतला सचोटीचा माणूस असे एकाच गृहस्थाचे दोन चेहरे माझ्यापुढे उभे राहिले. कादंबरीकाराला एवढे भांडवल पुष्कळ झाले. पण हा माणूस कागदावरचा नव्हता.

त्या पोराला तो नंबर द्यावा काय? संस्थेचा पैसा म्हणजे शेवटी ठेवीदारांचा पैसा. माझ्यासारख्याच कुणा मास्तराने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला. तो बुडावा असे मी कसे म्हणू? पण हेरगिरी करण्याची माझी तयारी नव्हती. मग पत्रे कोनाड्यात टाकून गप्प बसावे, तर तेही बरे नव्हे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टाचे २७ वे कलम असे, की कायद्याने टपालाने बजावायचा कागद नीट पत्ता घालून, खर्च भरून, रजिस्टरने पाठविला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो पोचला असेच समजावयाचे. म्हणजे नोटीस माझ्या कोनाड्यात धूळ खात पडायची आणि ती त्यांना मिळाली असे तिकडे कागदोपत्री धरले जायचे! दया म्हणून बाळगलेले मौन त्यांच्याच गळ्याशी यायचे.

तेव्हा मी दोनच गोष्टी केल्या. आलेल्या प्रत्येक पाकिटावर “सदर इसम या पत्त्यावर राहत नाही” असे लिहून, खाली तारीख घालून, ते टपालवाल्याच्या हाती परत दिले. आणि वाण्याला म्हटले, “त्यांना फोन करा. लोकअदालतीची तारीख सांगा. तिथं कोर्ट फी पडत नाही, आणि तडजोड झाली तर तिच्यावर पुढे अपील नाही. प्रकरण तिथंच मिटतं, हेही सांगा. माझं नाव सांगायची गरज नाही.” येणेकऱ्याला खरे ते कळावे आणि देणेकऱ्याला वेळेवर कळावे, याहून जास्त मध्ये पडण्याचा अधिकार मागाहून आलेल्या माणसाला नाही, असे मला वाटते.

काही दिवसांनी वाण्याने साखर बांधता बांधता सांगितले, “निरोप पोचला हो, सर. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, जातो.” ते गेले की नाही, तडजोड कितीवर झाली, हे मी विचारले नाही. पत्रे अजून अधूनमधून येतात. टपालवाला आता पेन पुढे करूनच उभा राहतो.